हाडांच्या घरापुढचा सूर्यास्त

ग्रीसमध्ये डोंगरउतारावर एक लहानसं गाव आहे. मी तिथे कधी गेलेले नाही, आणि आता कुणी तिकीट काढून हातात दिलं तरी जाणार नाही. पण त्या गावाचा नकाशा माझ्या हातचा आहे. कुठल्या वळणावर अंजिराचं झाड होतं, कुणाच्या मेंढ्या कुणाच्या शेतात घुसायच्या, पाण्यावरून कुठे डोकी फुटायची, सगळं मला पाठ आहे. परवा मुलीने फोन माझ्या नाकासमोर धरला. कुठल्याशा हॉटेलचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ होता. टेकडीच्या टोकावर लाकडी डेक, त्यावर पांढऱ्या खुर्च्या आणि उन्हाने लाल झालेली एक बाई हातातला ग्लास उंचावून मावळत्या सूर्याला दाखवते आहे. "मम, इजन्ट धिस यायाज् व्हिलेज? सो प्रिटी," मुलगी म्हणाली. मी फोन पालथा घातला. त्या खुर्च्या कशावर मांडल्या आहेत ते मला ठाऊक आहे, आणि ते आठवलं की मला अन्न जात नाही.

याया म्हणजे ग्रीक लोकांची आजी. मेलबर्नमधल्या आमच्या क्लेटनच्या घराला लागून जिचं घर आहे ती म्हातारी. माझी मुलगी लहानपणापासून तिला याया म्हणते, म्हणून मीही म्हणते. तिच्या घरापुढे हिरवळ नाही, सगळं काँक्रीट, तेही हिरव्या रंगाने रंगवलेलं. लिंबाचं झाड, ऑलिव्हचं झाड आणि काठ्यांना बांधलेले टोमॅटो. घरातलं चांगलं स्वयंपाकघर तिने कधी वापरलंच नाही. तिथे ओट्यावर क्रोशाचे रुमाल घातलेले आहेत. ती रांधते मागच्या गॅरेजमध्ये, जुन्या शेगडीवर. घर खराब होऊ नये म्हणून आयुष्य गॅरेजमध्ये काढायचं ही रीत मला नवी नव्हती. वसईला आमच्या घरीही दिवाणखान्यातल्या सोफ्यावरचं प्लास्टिक मी लग्न होऊन निघाले तेव्हा तसंच होतं.

मी इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, नकाशे करते. कुठली गटारं कुठून जातात, कुठलं झाड कुणाच्या हद्दीत, असलं काम. हे तिने कुठेतरी लक्षात ठेवलं असणार. एका शनिवारी कुंपणावरून टोमॅटो देता देता तिने विचारलं, आमच्या गावाचा नकाशा करशील का. तिच्या गावाहून मेलबर्नला आलेल्या लोकांचं एक मंडळ आहे. स्टेशनापलीकडे त्यांचा हॉल आहे. हॉलच्या भिंतीवर लावायला नकाशा हवा होता. तिचा मुलगा त्या मंडळाचा अध्यक्ष होता. तो रिअल इस्टेट एजंट आहे आणि या भागातल्या निम्म्या बसस्टॉपवरच्या जाहिरातींत त्याचे दात दिसतात.

मी हो म्हटलं, कारण मला वाटलं उपग्रहाचं चित्र काढून त्यावर रेघा मारल्या की झालं. चित्रात गाव दिसेचना. छपरं बसलेली, वाटांवर झुडपं माजलेली, सगळा नुसता करडा डोंगर. शेवटी यायाने गॅरेजमधल्या मेणकापडावर वाल ओतले आणि गाव मांडलं. सगळ्यात वर कणा, म्हणजे डोंगराची धार. तिथे छोटं देऊळवजा चर्च आणि दफनभूमी. त्याखाली वरची वाडी, झरा, मोठं झाड आणि चौक. त्याखाली खालची वाडी आणि तंबाखूचे पायऱ्यापायऱ्यांचे मळे. आणि अगदी तळाला समुद्र. समुद्राकाठी तिने एकच दाणा ठेवला, तोही किडका. तिथे दगड, खारं पाणी आणि डास, बाकी काही नाही, असं ती म्हणाली. म्हणून ती जमीन मुलींना द्यायची. मुलग्यांना वरची, पाण्याची. मुलींना हुंड्यात किनारा.

तिलाही किनाराच मिळाला होता. लग्न होऊन जहाजात चढताना तो तिने भावाला लिहून दिला. दगड घेऊन ऑस्ट्रेलियाला कुठे जाऊ, असं तेव्हा म्हणाली होती म्हणे. आज त्या दगडांवर निळे तलाव खोदले आहेत आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोक तलावात पोहतात. हे सांगताना ती हसायची. मला हसू यायचं नाही. आमच्याकडे अर्नाळ्यापासून खाली हेच झालंय. जिथे आजोबा मासळी वाळवायचे आणि वासाने पाहुणे नाक दाबायचे, तिथे आता रिसॉर्ट आहेत आणि शनिवार-रविवार मुंबईचे लोक रेन डान्स करून ओकून जातात. माझ्या आत्यांना तर तो वासाचा तुकडाही मिळाला नव्हता.

पुढचे काही रविवार मी हॉलमध्ये बसले. म्हातारे एकेक करून आठवणी सांगायचे आणि एकेक करून भांडायचे. झऱ्याचं पाणी वरच्या वाडीला किती वेळ आणि खालच्या वाडीला किती, हा तंटा त्यांनी जहाजातून बरोबर आणला होता. ज्यांचे गुडघे बदललेले, डोळ्यांत मोतीबिंदू, ते माझ्या कागदावरच्या निळ्या रेघेवरून एकमेकांवर दात खायचे. तंबाखूने गावाला बरे दिवस दाखवले, चौकात दोन दुकानं झाली, शाळेला दुसरी खोली बांधली. मग महायुद्ध आलं, आणि महायुद्धानंतर आपसातली लढाई. त्याविषयी कुणी बोललं नाही. नकाशावर एका घराच्या जागी बोट आलं की सगळे गप्प व्हायचे आणि मी पुढे सरकायचे. मग जहाजं. जहाजांनी गाव असं रिकामं केलं की शेवटी चर्चमध्ये शेळ्या बसू लागल्या. ते गाव तिथून उठलं आणि क्लेटन, ओकलीच्या गल्ल्यांमध्ये येऊन बसलं, तोच वरचा-खालचा भेद घेऊन.

गॅरेजमधल्या मांडणीत, कण्यावरच्या दफनभूमीत, चर्चच्या भिंतीला टेकून, वालाचा एक दाणा होता. कागदावर मी तिथे ठिपका दिला होता; हॉलमध्ये त्यावर बोट ठेवून मी विचारलं हे काय. अध्यक्ष शेजारी उभा होता. तो म्हणाला, स्टोरेज शेड आहे, सोडून दे. यायाने त्याच्याकडे पाहिलं. घरी गॅरेजमध्ये आल्यावर मात्र तिने मला बसवलं, कॉफी केली आणि सांगितलं. ते हाडांचं घर होतं.

त्यांच्याकडे माणसाला कायमचं पुरत नाहीत. काही वर्षांनी बाहेर काढतात. घरातल्या बायका जमतात, खणताना उभ्या राहतात, हाडं हातात घेतात आणि लाल वाईनने धुतात. उन्हात सुकवतात. मग पत्र्याच्या डब्यात ठेवतात, डब्यावर नाव रंगवतात आणि तो डबा त्या छोट्या घरात फळीवर जातो, आईबापांच्या, आजा-पणज्यांच्या रांगेत. धुण्याचं काम लेकीचं. यायाची आई वारली तेव्हा ती इथे एका कारखान्यात शिवणयंत्रावर होती. जाता आलं नाही. पण बाहेर काढायच्या वेळी ती गेली. आईची हाडं मधाच्या रंगाची निघाली. मधाचा रंग म्हणजे माणूस चांगला होता, असं मानतात. सगळ्या बायका वाहवा म्हणाल्या. मनगटाची हाडं इतकी बारीक होती की तिला वाटलं कुणा मुलीचीच धुते आहे. हे सगळं ती माझ्याकडे तिरक्या नजरेने बघत सांगत होती, मी तोंड वाकडं करते का ते पाहत. तिचा मुलगा करतो. दॅट्स डिस्गस्टिंग, मा, असं तो तिला लहानपणापासून म्हणत आला आहे.

मी तोंड वाकडं केलं नाही. आमच्या वसईच्या चर्चच्या दफनभूमीतही जागा कमी आणि मेलेले जास्त. तिथेही काढतात. पप्पांना काढलं तेव्हा मी तिथे होते. खणणाऱ्याने गोणपाटावर एकेक हाड मांडलं, आणि आईने डाव्या पायाचं नळीचं हाड उचलून म्हटलं, हो, हेच. स्कूटरवरून पडल्यावर ते वाकडं जुळलं होतं. मग पांढऱ्या कापडात बांधून भिंतीतल्या कप्प्यात ठेवलं. मी हे सांगितलं तेव्हा यायाने माझा हात धरला. इतकी वर्षं शेजारी राहून आमची खरी ओळख त्या दिवशी झाली.

"इथे पुरतात आणि विसरतात, पेदी मू," ती म्हणाली. पेदी मू म्हणजे माझ्या लेकरा. "इथे कुणी बाहेर काढत नाही. मला इथे कोण काढणार?" नवऱ्याशेजारची जागा मुलाने तिच्यासाठी घेऊन ठेवली होती, कायमची. त्याला तो आपला मोठेपणा वाटायचा. तिला त्या 'कायमची' या शब्दाची धास्ती होती. न काढलेल्या बटाट्यासारखं मातीत पडून राहायचं, असं ती म्हणायची.

मी नकाशावर हाडांच्या घराचा छोटा चौकोन काढला आणि ग्रीक अक्षरं गिरवून त्यावर नाव घातलं. नावं बिनचूक यावीत म्हणून मी ती लिपी शिकले होते. नकाशा अध्यक्षाच्या हवाली केला.

त्यानंतर गावाचं नशीब पुन्हा फिरलं. रस्ता रुंद झाला. अथेन्सची कुणी मंडळी आली, पडकी घरं घेऊन त्यांना चुना फासू लागली. खाली किनारा विकून संपला होता, आता वर चढायचं होतं. आणि वर सगळ्यात छान देखावा कुठून दिसतो, तर दफनभूमीतून. मेलेल्यांना फुकटात समुद्र दिसतोय हे कुणाला बघवलं नसावं. हाडांच्या घराचं काही तरी करायचं होतं, आणि डब्यांतल्या बहुतेकांचे वारस ऑस्ट्रेलियात होते, म्हणून मंडळाची संमती हवी होती. अध्यक्षाने हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवली. हेरिटेज, रिव्हायव्हल, कम्युनिटी. त्याच्या तोंडून हे शब्द असे घरंगळत होते की मला बसस्टॉपवरचे त्याचे दात आठवले. अवशेष आदराने एकत्र ठेवले जातील, असं तो म्हणाला. तरुणांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. मुलांच्या इंग्रजीपुढे मान हलवायची त्यांना सवय झाली आहे.

याया एकटी उठून उभी राहिली. तिने एकच मागितलं. माझ्या आईला वेगळी ठेव, तिच्याच डब्यात. कुठेही ठेव, पण तिच्या डब्यात.

"नो वरीज, मा," तो म्हणाला. त्याने तिच्या गालाचा मुका घेतला आणि ती खाली बसली. पुढे कित्येक महिने ती मला विचारायची, तो विसरणार नाही ना. मी म्हणायचे, नाही विसरणार.

तो विसरला नाही. हेच तर आहे.

गावच्या संताच्या सणाचं जेवण हॉलमध्ये होतं. कोकराच्या मांसाचा वास, लहान मुलांची पळापळ, स्पीकरची शिट्टी. मी यायाला गाडीने घेऊन गेले. आत शिरताच भिंतीवर माझा नकाशा दिसला. मोठा केलेला, चकचकीत, खाली मंडळाचा शिक्का. झरा होता, मळे होते, अंजीरही होतं. कण्यावर मात्र माझा छोटा चौकोन पुसून तिथे वाईनच्या ग्लासचं चित्र काढलं होतं आणि खाली इंग्रजीत सनसेट लाउंज लिहिलं होतं. माझं डोकं भणाणलं.  पण यायाला चष्म्याशिवाय तेवढं दिसत नव्हतं, म्हणून मी तिला तशीच तिच्या टेबलाशी नेलं.

प्रत्येक टेबलाच्या मध्यावर पत्र्याचा एक डबा होता. सगळे डबे घासून, वर वार्निश मारून नव्यासारखे केलेले. कडेला तुळशीसारख्या वासाची एक डहाळी खोचलेली. काही डब्यांत पाव होता. आमच्या टेबलावरच्या निळ्या डब्यात कागदी रुमालांत गुंडाळलेले काटे आणि सुऱ्या होत्या. डब्यावर नाव रंगवलेलं होतं. मी सवयीने अक्षर अक्षर जुळवत वाचू लागले, आणि आडनावापर्यंत येऊन थांबले. यायाने माझ्याआधी वाचलं होतं. तिला त्या नावासाठी चष्मा लागला नाही.

इतक्यात मुलगा आला. एका हातात माइक, दुसरा हात तिच्या खांद्यावर. चेहरा आनंदाने फुललेला. "सरप्राइज, मा. तुझ्या आईचा. मी मुद्दाम तुझ्या टेबलावर ठेवला. गावाहून मागवून खास रिस्टोअर करून घेतला."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याला खरंच वाटत होतं की ती रडेल, त्याला मिठी मारेल आणि कुणीतरी फोटो काढेल. आईचं म्हणणं विसरलेला नव्हता तो. डबा जपायला सांगितला होता, त्याने डबा जपला. आत काय होतं, ते त्याला नको असलेलं पॅकिंग वाटलं असावं. मला त्याच्या त्या हसऱ्या, चांगल्या चेहऱ्याची इतकी किळस आली की मी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

यायाने काटे-सुऱ्या मूठ मूठ काढून टेबलावर ठेवल्या. डहाळी काढली. जगमधली लाल वाईन डब्यात ओतली आणि तळहाताने आतून धुऊ लागली. कोपरे, कडा, झाकणाची बिजागरी, कशाला घाई नाही. वाईन बाहेर सांडली, पांढऱ्या टेबलक्लॉथवर पसरली, तिच्या चांगल्या काळ्या पोशाखावर ओघळली. शेजारच्या टेबलांवरचे लोक वळून बघू लागले. एका म्हाताऱ्याने आपल्या टेबलावरचा डबा फिरवून नाव वाचलं. त्याच्या तोंडात घास होता. त्याने तो रुमालात काढला. मग दुसरी एक बाई उठली, तिसरी उठली. तरुण मुलं एकमेकांना विचारू लागली, काय झालं.

"मा, प्लीज," मुलगा हळूच म्हणाला. "लोक जेवतायत."

"तिला कुठे ओतलंस?" तिने विचारलं.

तो गोंधळला. मग भराभर सांगू लागला. सगळं व्यवस्थित केलं होतं, पाद्री होता, प्रार्थना झाली होती, सगळ्यांना एकाच खड्ड्यात एकत्र ठेवलं होतं, गावातलेच सगळे, म्हणजे ती एकटी नव्हती. तिने पुन्हा तेच विचारलं, कुठे. तो भिंतीकडे गेला आणि त्याने माझ्या नकाशावर बोट ठेवलं. बोट वाईनच्या ग्लासवर होतं. मी मागोमाग गेले होते. डेकच्या खाली, असं त्याने सांगितलं. वर काही तरी सपाट करायलाच हवं होतं, असं तो मला म्हणाला, जणू मी कौन्सिलची म्हणून मला ते पटेल. मी त्याला म्हटलं, बाजूला हो. रॅफलच्या, म्हणजे सोडतीच्या तिकिटांच्या, टेबलावरचं काळं मार्कर घेतलं आणि त्या चकचकीत कागदावर, ग्लासवर, चौकोन काढला, काळा, जाड. नाव परत लिहिलं. अक्षरं वाकडी आली. कुणी अडवलं नाही. मी वळले तेव्हा तो आईच्या टेबलाशी गुडघ्यांवर बसून सांडलेली वाईन टिपत होता, त्याच कागदी रुमालांनी, आणि ती त्याच्या डोक्यावरून डबा उचलून घेत होती.

मंडळाने नंतर पत्रक काढलं म्हणे, भावना दुखावल्या असल्यास वगैरे. हॉटेल चालू आहे. डेक तिथेच आहे. मी मुलीला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी ग्रोस, म्हणजे किळसवाणं, म्हणाली, कशाला ग्रोस म्हणाली ते तिला स्वतःलाच नीट सांगता आलं नाही, आणि मग तिने तो व्हिडिओ पुसून टाकला.

त्या सणाच्या दुपारी मी यायाला घरी आणलं. गाडीत डबा तिच्या मांडीवर होता, माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळलेला, आणि गाडीभर वाईनचा आंबट वास. तिचा नवरा जिथे पुरला आहे आणि जिथे तिची जागा राखून ठेवली आहे, त्या दफनभूमीच्या कुंपणालगत रस्ता जातो. तिथे ती नेहमी तोंड फिरवायची. त्या दिवशी तिने काच खाली केली आणि कुंपण संपेपर्यंत आत बघत राहिली. कापलेलं गवत, सरळ ओळी, कुठे खणल्याची खूण नाही.

"बरं आहे इथलं," ती म्हणाली. "इथे कुणी बाहेर काढत नाही."